बॉल हवेत असताना

मयूराला तंद्री लागते. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुम्ही मलाच विचाराल की एवढी धडधाकट बाई, तिला साधा बॉल धरता येत नाही म्हणजे काय? बस चालवताना लागत नाही, घाबरू नका. मेलबर्नच्या कडेला, पॉइंट कुकच्या नव्या वसाहतींमधून स्टेशनपर्यंत आणि परत, अशी तिची बस दिवसभर फिरते, आणि त्या बसला आजवर साधा ओरखडा नाही. पण शेवटच्या स्टॉपला बस रिकामी झाली की ती इंजिन बंद करते आणि समोरच्या तळ्याकडे बघत बसते. काळे हंस असतात तिथे. वाऱ्याने पाणी थरथरत असतं, पलीकडे एकसारखी घरं, एकसारखी छपरं, आणि मयूरा त्यात कुठेतरी विरघळून गेलेली. एकदा मी काचेवर टकटक केली तर दचकून म्हणाली, "अगं, मी आत्ता कुठे होते?"

"मला काय विचारतेस? ड्रायव्हर तू आहेस," मी म्हटलं.

मी वीणा. दातांची डॉक्टर. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून गप्प बसतात, त्यामुळे बोलायची सवय मला जरा जास्तच लागली आहे. मयूराची आणि माझी ओळख सिडनीची, पेंडल हिलच्या घरातली. दोघी शिकायला आलो होतो. एक खोली, एक कुकर, आणि शिट्ट्या किती झाल्या यावरून रोजची भांडणं, कारण कुकरसमोर तिला उभं केलं की तिची तंद्री आणि वरणाचा कोळसा. पुढे दोघी मेलबर्नला आलो, दोघी इथेच स्थिरावलो. माझं लग्न झालं. तिचं झालं आणि मोडलं, त्याबद्दल ती बोलत नाही आणि मीही विचारत नाही. आता आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर आहे.

फुटबॉल तिच्या बसमध्ये चढला. म्हणजे टियाना चढली, खांद्यावर ही मोठी बॅग आणि बॅगेला लटकलेलं हेल्मेट. उतरताना तिने मयूराच्या खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेट, तू पळतेस का?" मयूराने 'नाही' म्हणायचं सोडून 'कधी?' विचारलं. झालं!

आता हा फुटबॉल पायाने खेळतात तो नव्हे. इथल्या लोकांचा जीव की प्राण असलेली फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा वेगळा फुटबॉल, तीही नव्हे. हा अमेरिकेतला. हेल्मेट, खांद्यांवर कवच, आणि सोललेल्या नारळाच्या आकाराचा बॉल. तो घेऊन समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे जायचं, की सहा गुण, आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवं करायचं. गुडघा जमिनीला लागला की बॉल डेड, पुन्हा रांग लावा, पुन्हा सुरू. मेलबर्नमध्ये हा खेळ खेळणाऱ्या बायका मूठभर, आणि तो बघणारे त्याहून कमी. मी त्या बघणाऱ्यांतली एक. मला हौस नव्हती, मयूराला घरी आणायला कोणीतरी लागायचं म्हणून.

आमच्या संघाचं नाव पेलिकन्स. टियाना बॉल फेकणारी आणि मयूरा रनिंग बॅक, म्हणजे मागे उभी राहून पळणारी. तिचं काम सोपं होतं. दोन्ही हात पोटाशी धरायचे, एक वर, एक खाली. टियाना वळणार, बॉल त्या हातांमध्ये कोंबणार, आणि मयूराने डोकं खाली घालून गर्दीत घुसायचं. बॉलकडे बघायचंसुद्धा नाही. सहा वर्षं तिने हेच केलं, आणि काय सुरेख केलं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडायचं विसरले. एवढी मंद बाई, दात घासायला अर्धा तास लावणारी, आणि बॉल पोटात आला की तिच्या पायांना वाटा दिसायच्या. मागाहून घरी येताना गाडीत ती डोळे मिटून बसायची, अंगाला चिखल, चेहऱ्यावर हसू.

"दिवसभर मी लोकांना त्यांच्या घरी पोचवते," एकदा तशीच डोळे मिटून ती म्हणाली. "शनिवारी मी मलाच कुठेतरी घेऊन जाते. हे गेलं ना वीणा, तर माझं असं माझ्याकडे काही उरणार नाही."

मी गाडीचा हीटर वाढवला. 

यंदा नवीन कोच आली. डेब. बुटकी, पिकल्या केसांची, कायम हातात कॉफी. पहिल्याच सरावाला तिने सगळ्या बॅक्सना रांगेत उभं केलं आणि सांगितलं की पोटात बॉल घेऊन भिंतीला धडका द्यायचे दिवस गेले. सगळीकडे खेळ बदललाय. आता पळणारीने बाजूने निसटायचं, मोकळ्या जागेत जायचं, मागे वळायचं आणि फेकलेला बॉल हवेतून घ्यायचा. जिला कॅच घेता येत नाही ती मैदानावर आली की समोरच्यांना आधीच कळतं की आता ही पळणार, आणि मग सगळ्या तिच्यावरच तुटून पडतात. "धरायला शिका," डेब म्हणाली, "नाहीतर बाकावर बसा. नो हार्ड फीलिंग्ज."

मयूराने त्या दिवशी एकही बॉल धरला नाही. पुढच्या सरावालाही नाही. बॉल हवेत गेला की तो फिरत यायचा, मागे आभाळ, आणि ती बघत राहायची. एखादं विमान बघावं तशी. बॉल छातीवर आपटून खाली पडला की मग तिचे हात वर यायचे.

आणि शेजारी नुपूर. जवळच्या ट्रुगानिना उपनगरातली पोर, युनिच्या दुसऱ्या वर्षाला, जन्म इथलाच. मराठीत विचारा, उत्तर इंग्लिशमध्ये. गोड मुलगी, मला तिचा राग यायला हवा होता पण येईना. बॉल तिच्या हातात यायचा आणि गप्प बसायचा. डेबने आवाज न चढवता नुपूरला पुढे घेतलं आणि मयूराला मागे. शनिवारच्या सामन्यांत मयूरा आता फक्त शेवटी शेवटी उतरायची, तेही नुपूर दमली तर. सीझन संपेपर्यंत तिला धरता आलं नाही, तर पुढच्या वर्षी संघात जागा नाही, हे डेबने तिला तोंडावर सांगितलं होतं.

अशात तिचे बाबा आले. मुरलीधर काका, पुण्याहून, तीन महिन्यांसाठी, बॅगेत मेतकूट, डोक्याला माकडटोपी. काकांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात झाली, पण त्यांना विचाराल तर ते सांगतील की आपलं खरं काम रविवारी सकाळचं. आळीतली पोरं-पोरी गोळा करून मैदानावर क्रिकेट. मयूरा त्यातच वाढली. बक्षिसं द्यायला तिथे काही नसायचं, म्हणून काकांनी एक रिवाज पाडला होता. ज्याने कॅच घेतला, बॉल त्याचा. त्याने तो उडवायचा. जीव खाऊन, आभाळात, जेवढा उंच जाईल तेवढा. आणि तो खाली येईपर्यंत सगळ्यांनी धावत येऊन त्याच्याभोवती जमायचं. काका बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे आणि ओरडायचे, "उडव!"

"ते एक मिनिट ना," मयूरा मला सांगायची, "बॉल वर असायचा आणि सगळे माझ्याकडे पळत यायचे. बास."

काकांनी मयूराचा पहिला सराव पाहिला तो कुंपणाला टेकून. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काय गं? चिलखत घालून शिवणापाणी?" मी जमेल तेवढं समजावलं. कोचने काय बदललंय तेही सांगितलं. ते मात्र त्यांना चटकन कळलं. "बरोबर आहे तिचं. आमच्या वेळी विकेटकीपरने बॅटिंग केली तर वरकड कमाई. आता कीपरला आधी विचारतात, बॅटिंग येते का? खेळ मोठा झाला की एका कामावर कोणाचं भागत नाही." मग मयूराच्या छातीवर बॉल आपटून पडला आणि काकांनी कपाळाला हात लावला. "हिला मी उंच कॅच शिकवलेत! कॉलेजात हिच्या हातून एक सुटायचा नाही! कुठे गेलं ते?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं संध्याकाळी खाडीच्या काठी जायला लागले. मीही जायचे, कारण बॉल गवतात गेला की आणायला कोणीतरी लागतं, आणि माझ्या नवऱ्याच्या मते मला रिकामी ठेवणं धोक्याचं आहे. त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. थंडी, पण सोसेल अशी. पाण्यापलीकडे शहराच्या उंच इमारती धुक्यात तरंगत असायच्या, त्यांना खाली जमीन आहे असं वाटायचं नाही. भरती-ओहोटीचा आवाज असा नाहीच तिथे, पाणी नुसतं श्वास घेतं. आणि या सगळ्यात माकडटोपी घातलेला एक म्हातारा तो लांबुडका बॉल बोटांत फिरवून बघतोय, पुटपुटतोय, "सीम कुठेय याची? हां. ही शिवण."

त्या बॉलला एका बाजूला शिवण असते, पांढऱ्या नाडीची. काका दोन-तीन दिवसांत तो असा फेकायला शिकले की बॉल स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ जायचा. एकाहत्तराव्या वर्षी! मी तोंडात बोट घातलं.

पण खरी अक्कल त्यांनी पुढे वापरली. मी असते तर मयूराला म्हटलं असतं, बाई गं, लक्ष दे, तंद्री सोड. म्हटलंच होतं, हजारदा. काका म्हणाले, "तंद्री नको सोडूस मयू. तुझी तंद्री आभाळाला लागते, ती बॉलला लाव. मला ती पांढरी शिवण बघून सांग, वर आहे की खाली? तेवढंच बघ. धरायचं मनातही आणू नकोस."

पहिले बरेच बॉल पडले. "वर होती," ती सांगायची, आणि बॉल पायाशी. मग एका संध्याकाळी, सूर्य पश्चिमेच्या टेकड्यांमागे गेला होता आणि सगळा काठ जांभळा झाला होता, तिने "खाली!" म्हटलं आणि बॉल तिच्या हातात होता. तिलाच कळलं नाही. हातांकडे बघत राहिली. काकांनी माकडटोपी वर सरकवली, बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की दूरचे हंस उठले.

"उडव!"

तिने उडवला. तो लांबुडका बॉल वेडावाकडा गिरक्या खात वर गेला, जांभळ्या आभाळात दिसेनासा झाला, आणि मयूरा खालून बघत हसत होती, तोंड उघडं टाकून. काका तिच्याकडे धावले. त्यांच्यामागून मीही धावले. माझी कंबर, माझं वय, कशाकशाचा विचार न करता.

त्यानंतर रोज तेच. शिवण, कॅच, शिट्टी, "उडव!", आणि आम्ही दोघं धावत. डेबच्या सरावातही तिचे हात बसायला लागले. तिथे एका रांगेत उभं राहून धरायचं आणि पुढे पळत जायचं असतं, ते ती नीट करायची. डेबने कॉफीच्या कपाआडून पाहिलं आणि म्हणाली, "शनिवारी तू सुरुवातीपासून. तुला एक बॉल टाकायला सांगते. लेट्स सी."

काका त्या शनिवारी पहिल्यांदा सामना बघणार होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले. मयूराने आजवर सामन्यात एकही पास धरला नव्हता, हे त्यांना माहीत होतं, आणि आज धरणार, हेही. काका आणि मी अगदी कुंपणाला चिकटून उभे राहिलो. सामना बरोबरीत चालला होता. मग टियानाने बॉल घेतला, मयूराकडे द्यायचं नाटक केलं, आणि मयूरा बाजूने निसटली. मोकळ्या गवतात आली. मागे वळली. बॉल हवेत होता. माझ्या शेजारी काका कुजबुजत होते, "शिवण... शिवण बघ..."

तिने धरला. काय सुंदर धरला, बोटांच्या टोकांत!

आणि माझ्या कानाशी शिट्टी वाजली. "उडव!"

मयूराने उडवला.

मी सांगते, सगळं मैदान थांबलं. बॉल वर चढला, वर, वर, वाऱ्यात डुलत, आणि खाली मयूरा मान वर करून हसत उभी, कोण धावत येतंय याची वाट बघत. धावत आल्या त्या समोरच्या संघाच्या. एकीने तो बॉल खाली येताना अलगद धरला आणि दुसऱ्या टोकापर्यंत एकटी पळत गेली. आम्ही तो सामना त्याच गुणांनी हरलो.

"असं काय करतायत?" काका मला विचारत होते. "कॅच झाला ना? पूर्ण कॅच होता! आऊट नाही का?"

"काका, इथे कॅचने काही संपत नाही," मी म्हटलं. "बॉल डेड होत नाही. धरल्यावर पळायचं असतं. ती पडेपर्यंत बॉल जिवंत."

 "म्हणजे धरणं ही सुरुवात?"

"हो."

त्यांनी कुंपणाची लोखंडी दांडी घट्ट पकडली. "अरे देवा. आणि मी रोज तिला काय शिकवत होतो!"

समोरच्या मुली मैदानाबाहेर जाताना हात वर करकरून बॉल उडवल्याची नक्कल करत होत्या. हसू येण्यासारखंच होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या वेळी मला एकेकीचे दात काढावेसे वाटले, तेही भूल न देता. डेब मयूरापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "तुझ्या हातांवर माझा भरवसा बसला. डोक्यावर नाही. फायनलला नुपूर सुरुवात करेल." फायनल पंधरवड्यावर, गाठ याच संघाशी, आणि मयूराला पुढच्या वर्षीची जागा मिळवायची ती तेवढ्या अवकाशात.

 मयूरा नुसती बस चालवत राहिली. काका जेवेनात. मी आमटी घेऊन गेले तर बाप एका खोलीत, लेक दुसऱ्या खोलीत, दोघं खिडकीतून बाहेर बघतायत. तंद्री कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं. मी आमटी ओट्यावर आदळली. "बास झालं! बॉल कुठाय?"

खाडीवर पोचलो तर वारा सुटला होता. काकांनी बॉल फेकला, मयूराने धरला, आणि दोघं थिजून उभे. काकांचं तोंड उघडलं, त्यांनी ते मिटलं. मग घसा खाकरून म्हणाले, "पळ."

"काय?"

"पळ गं! पळ! अजून संपलेलं नाही!" आणि म्हातारा स्वतःच तिच्या मागे पळत सुटला, हात पसरून, तिला पकडायला. मयूरा आधी चालली, मग धावली, मग काठाकाठाने अशी सुटली की तिच्या पावलांनी उडालेलं पाणी मागे राहिलं आणि ती पुढे. काका धापा टाकत वाळूत बसले. "पुन्हा," म्हणाले.

पंधरा दिवस हेच चाललं. पण फायनलच्या सकाळी काका तयार होईनात. "मी नाही येत. माझा आवाज तिच्या हातात शिरतो. ऐन वेळी माझ्या तोंडून तेच निघायचं." मी पुष्कळ समजावलं. शेवटी तडजोड झाली. इथल्या मैदानांवर गाड्या थेट कुंपणाला लावता येतात, लोक आत बसून खेळ बघतात. काका माझ्या गाडीत बसतील, काचा वर करून. ओरडले तरी ऐकू जाणार नाही.

मयूराने गाडीपाशी येऊन काचेला हात लावला. आतून काकांनी लावला. मग ती गेली.

सामना सांगत बसत नाही. नुपूर सुरेख खेळली, पण समोरच्यांनी तिला ओळखलं होतं. ती जिकडे जाईल तिकडे दोघी-तिघी. शेवटची काही मिनिटं उरली, आम्ही चार गुणांनी मागे. डेबने कॉफी गवतात ओतली आणि मयूराला हाक मारली. नुपूरला बाहेर न काढता दोघींना एकदम खेळवलं. "तुझ्याकडे कोणी लक्ष देणार नाही," ती मयूराला म्हणाली. "तू बॉल उडवणारी बाई आहेस. जा, तिथे मोकळी उभी राहा."

तसंच झालं. मयूरा आत येताच समोरची एक जण हसून हात वर करून नाचली. रांगा लागल्या. सगळ्या नुपूरच्या मागे गेल्या. मयूरा बाजूने निसटली आणि त्या एवढ्या मोठ्या हिरव्या मैदानात तिच्या आसपास कोणी नव्हतं. ती वळली. टियानाने पाहिलं.

बॉल हवेत होता. मला आता वाटतं तो पुष्कळ वेळ हवेत होता. ढग खाली आलेले, गवत ओलं, कोणाचंतरी कुत्रं भुंकत होतं ते थांबलं. मयूराचे ओठ हलताना दिसले. वर आहे की खाली, ते सांगत असणार. मग बॉल तिच्या हातांत होता आणि क्षणभर ती तशीच उभी राहिली.  तिचा उजवा हात जरासा खाली गेला, उडवायच्या आधी जातो तसा.

तेवढ्यात माझ्या गाडीचा भोंगा वाजला.

काकांनी दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता. सोडेचनात. इथे फुटीचा गोल झाला की गाड्यांचे भोंगे वाजवायची पद्धत आहे, त्यामुळे शेजारच्या गाड्यांनाही वाटलं काहीतरी झालं. एकाने वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या कुंपणाभोवती तोच गजर. आणि मयूरा पळाली. डोकं वर ठेवून पळाली, बॉल काखेत घट्ट. एकीला चुकवलं, दुसरीच्या हातातून निसटली. रेषा जवळ येत होती. मी काय ओरडत होते कोण जाणे, त्या दिवशी सोबत आलेला माझा नवरा म्हणतो शिव्या होत्या. मग तिघींनी तिला मागून गाठलं आणि चौघी एकत्र कोसळल्या.

रेषा एक हात लांब राहिली होती. पंचाची शिट्टी झाली, वेळ संपली. हरलो.

मी कुंपण ओलांडून धावले. ढीग उपसला तर तळाशी मयूरा, तोंडात गवत, आणि बॉल पोटाशी दोन्ही हातांनी कवटाळलेला. पंच मागत होता, ती देत नव्हती. डेब तिच्यापाशी उकिडवी बसली. तिचेही डोळे लाल होते. "मयूरा. पुढच्या वर्षी माझी बॅक तू आणि नुपूर. दोघी. ऐकलंस? आता सोड तो."

मयूराने मान हलवली, पण बॉल सोडला नाही. बाकीच्या पोरी जिथल्या तिथे बसून रडत होत्या. नुपूर मांडी घालून गवत उपटत होती.

काका गाडीतून उतरून येत होते. सावकाश, इस्त्रीच्या शर्टात, माकडटोपी हातात. लेकीसमोर येऊन उभे राहिले. आधी तिच्याकडे पाहिलं नाही, पंचाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "डेड झाला का गं बॉल?"

"झाला, काका."

"नक्की?"

"नक्की. आता अगदी संपलं."

ते खाली वाकले. इतक्या हळू बोलले की मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "मयू. उडव."

ती उठली. चिखलाने माखलेली, एका पायावर भार देऊन. तिने बॉलची शिवण बघितली आणि मग जीव खाऊन उडवला. तो वर गेला, ढगांपर्यंत गेला म्हणा ना, आणि रडणाऱ्या पोरी एकेक करून मान वर करून बघायला लागल्या. मग टियाना उठली. मग दुसरी. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, काकांच्या आळीचा रिवाज त्यांना कुठून माहीत असणार? पण बॉल खाली यायच्या आत सगळ्या मयूराकडे धावत आल्या.

तो खाली आला आणि नुपूरने धरला. सवयच ती. धरून ती भांबावून इकडे तिकडे बघायला लागली, आता याचं काय करायचं म्हणून.

"पळ!" काका ओरडले.

पोरीला मराठी येत नाही असं कोण म्हणतं? ती पळाली. खदखदून हसत, मोकळ्या मैदानातून, आणि तिच्यामागे सगळ्या पेलिकन्स, हेल्मेटं काढून, केस सुटलेले. सगळ्यात मागे मयूरा लंगडत पळत होती, आणि तिच्यामागे माकडटोपी हलवत काका. मी तिथेच उभी राहून रडत होते. मग मीही निघाले.